चावी कुणाकडे? : ट्रान्सिल्व्हेनियातल्या लुथेरन गढ्यांचे पाच दिवस

ट्रान्सिल्व्हेनियातल्या बहुतेक सॅक्सन, म्हणजे जर्मनभाषक वसाहतींच्या, खेड्यांत चर्चच्या फाटकाला कुलूप असतं आणि शेजारी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद. त्यावर फोन नंबर आणि घर क्रमांक. चावी त्या घरात असते. कधी आजीबाई एप्रनला हात पुसत येतात, कधी शाळकरी नातू सायकलवरून येतो, कधी तिसऱ्याच घराकडे बोट दाखवलं जातं. रोमेनियातल्या या भागात फिरायचं तर नकाशाइतकंच महत्त्व या कागदाला आहे, आणि चर्चची इमारत उभी राहणार की पडणार याचा अंदाजही त्यावरून येतो. कागद नवा असेल तर छपरावर कुणाचं तरी लक्ष आहे. उन्हानं उडालेला नंबर असेल तर आत जाताना डोक्यावर बघत जावं.

मार्ग साधा: ब्राशोव्हला सुरुवात, सिबिऊला शेवट, मध्ये सिगिशोआरात दोन मुक्काम. महिना सप्टेंबरचा शेवट. सकाळी दरीत धुकं, दुपारी अंगावर शर्ट पुरेल इतकं ऊन, संध्याकाळी जाकीट. रस्त्याकडेला अक्रोड पडलेले असतात आणि ते वेचणाऱ्यांची बोटं काळी झालेली.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर भिंतींचा अर्थ लागत नाही. हंगेरीचा राजा दुसरा गेझा (११४१ ते ११६२) याने सरहद्द राखायला आणि जमीन कसायला ऱ्हाईन, मोझेल, लक्झेंबर्गकडचे शेतकरी बोलावले. नाव पडलं सॅक्सन, पण सॅक्सनीशी त्यांचा फारसा संबंध नाही. १२२४ साली दुसऱ्या अँड्र्यू राजाने त्यांना सनद दिली: डोक्यावर जमीनदार नाही आणि गावाचा पाद्री गावानंच निवडायचा. सगळी मेख इथे आहे. जमीनदार नाही म्हणजे त्याचा किल्लाही नाही. १३९५ पासून ऑटोमन स्वाऱ्या सुरू झाल्या तेव्हा पळून जाणार कुठे? गावात दगडी इमारत एकच, चर्च. मग त्याच्याभोवतीच तट बांधला. आपल्याकडच्या गढीत पाटील राहतो; इथल्या गढीत देव राहत होता आणि अडचणीच्या वेळी सगळं गाव. पुढे ब्राशोव्हच्या योहानेस होन्टेरुसच्या पुढाकाराने १५४२ पासून हे लोक लुथेरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे, झाले, आणि १५५० पर्यंत सगळ्या सॅक्सन समाजाने तोच पंथ घेतला. म्हणजे या इमारती जन्माने कॅथलिक, कर्तेपणी लुथेरन आणि आता बऱ्याचशा बेवारस. तटबंदी असलेली अशी दीडशेच्या वर चर्च अजून उभी आहेत.

पहिला दिवस : ब्राशोव्ह, हर्मान, प्रेझ्मेर

ब्राशोव्हचं काळं चर्च शहरी आहे, आपला विषय खेड्यांचा. तरी तासभर द्यावा तो गालिच्यांसाठी. धर्मसुधारणेनंतर भिंतींवरच्या संतांच्या चित्रांवर चुना मारला गेला. उघड्या पडलेल्या भिंतींवर आणि बाकांच्या पाठींवर मग अनातोलियातून व्यापाऱ्यांनी आणलेले गालिचे आले, त्यांत नमाजाचेही. ज्या तुर्कांच्या भीतीने तट बांधले त्यांचेच गालिचे चर्चमध्ये टांगले. यात विसंगती तेव्हा कुणाला वाटली नसावी. माल उत्तम होता.

हर्मान इथून १० किलोमीटर. जर्मन नाव होनिगबेर्ग, म्हणजे मधाचा डोंगर. वर्तुळाकार तट, त्यावर बुरूज, आतून भिंतीला लागून लाकडी जिने आणि खोल्या. चुकवू नये ती पूर्वेकडच्या बुरुजातली छोटी प्रार्थनाखोली. पंधराव्या शतकातली चित्रं तिच्यात अजून दिसतात, अंतिम न्यायाचा देखावा सगळ्यांत मोठा. खिडकी लहान आहे, तेव्हा विजेरी हवीच. मोबाइलचा फ्लॅश नको. रंगाला घातक आणि फोटोही पांढराफटक येतो. याच गावात ऑर्गन दुरुस्तीची कार्यशाळा आहे. रिकाम्या गावांतली वाद्यं उंदीर आणि ओल यांच्या तावडीत सापडण्याआधी काढून आणणं आणि जमेल तिथे पुन्हा वाजती करणं, हे तिथलं काम.

प्रेझ्मेर आठेक किलोमीटर पुढे. युनेस्कोच्या यादीतलं आहे, तिकिटाची खिडकी आहे, बसगाड्या येतात. गर्दीला कंटाळून टाळू नका, कारण गढीचं यंत्र कसं चालायचं ते इथे सगळ्यांत स्पष्ट कळतं. तट १२ मीटरच्या वर उंच, जाडी ३ मीटरपासून पुढे. आत शिरायला लांब कमानदार बोगदा. अंगणात आलं की चारी बाजूंनी चार मजली खोल्या, २७० च्या वर, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. प्रत्येक खोलीच्या दारावर क्रमांक. तो गावातल्या घराचा. वेढा पडला की कोणी कुठे जायचं यावर वाद नको. शांततेच्या काळात त्याच खोल्यांत धान्य. मुलांची शाळा बुडू नये म्हणून एक खोली वर्गासाठी होती. बाकं अजून आहेत.

तटाच्या आतून वरच्या बाजूला गस्तीची अंधारी गल्ली जाते. तिथे ‘मृत्यूचा ऑर्गन’ ठेवलाय: एका फळीवर ओळीने बसवलेल्या नळ्या, एकदम बार काढायला. एक बाजू उडवायची, फळी फिरवायची, दुसरी बाजू समोर आणायची, तोवर मागची थंड होते. गावाला स्वाऱ्या नव्या नव्हत्या, पण गढी पडल्याची सांगितली जाते ती १६११ साली ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा-सरदार गाब्रिएल बाथोरीच्या हाती, आणि तीही भिंत फोडून नाही, आतलं पाणी संपल्यामुळे. हे पाणी ध्यानात ठेवा. पाचव्या दिवशी पुन्हा भेटेल.

चर्च आत गेल्यावर लहान वाटतं. चारही हात सारखे असलेल्या क्रुसाचा आराखडा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला ट्यूटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, काळात सुरू झालेला. वेदीवरचं लाकडी त्रिदल चित्र १४५० च्या सुमाराचं.

जेवणाबद्दल आत्ताच सांगून टाकतो. शाकाहारी माणसाने हॉटेलात एकच शब्दजोडी पाठ करावी: ‘दे पोस्त’. ऑर्थोडॉक्स, म्हणजे इथल्या बहुसंख्य ख्रिस्ती पंथाच्या, उपासाचं जेवण. त्यात मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतंही नाही, म्हणजे आपल्या उपासापेक्षा कडक, फक्त साबुदाणा नाही. घोटलेल्या पांढऱ्या घेवड्यावर परतलेला कांदा, भाजलेल्या वांग्या-मिरचीची ‘झाकुस्का’, बटाट्याचं सार असं काही ना काही मिळतंच. दूध चालत असेल तर मक्याच्या पिठाचा ‘ममलिगा’, वर चीज आणि आंबट साय. मात्र नुसतं ‘भाजीचं सूप’ मागितलं तर त्यात हाडांचं पाणी असू शकतं, विचारून घ्यावं.

दुसरा दिवस : रोटबाव आणि व्हिस्क्री

ब्राशोव्हहून सिगिशोआराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर रोटबाव. इथे थांबायचं ते पडलेलं बघायला. फेब्रुवारी २०१६ मध्ये या चर्चचा मनोरा कोसळला. त्याच्या काही दिवस आधी, त्याच महिन्यात, पुढच्या रोआदेश गावातला मनोराही गेला होता. एका आठवड्यात दोन. पाच-सहाशे वर्षं उभ्या असलेल्या भिंती एकाएकी पडत नाहीत. त्या बरीच वर्षं पडत असतात. फक्त शेवटचा आवाज एका दिवशी होतो.

हे कसं होतं ते इथे उभं राहून समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढे प्रत्येक गावात तेच वाचायचं आहे. या भिंती एकसंध दगडाच्या नाहीत. बाहेर एक दगडी थर, आत एक दगडी थर आणि मधल्या पोकळीत गोटे, विटांचे तुकडे आणि चुन्याचा भराव. वरचं छप्पर धड आहे तोवर हा भराव कोरडा राहतो आणि भिंत ठणठणीत. एक कौल निसटलं की पाणी भिंतीच्या माथ्यावर पडतं आणि भरावात उतरतं. पाण्याबरोबर चुना हळूहळू धुपून जातो. हिवाळ्यात इथे पारा शून्याच्या बराच खाली जातो. भिजलेल्या भरावातलं पाणी गोठताना ९ टक्के फुगतं आणि सांधे उचकटतं. वसंतात बर्फ वितळतं, सुटा झालेला भराव खाली बसतो आणि बाजूला रेटा देतो. बाहेरचा थर पुढे येतो. आपल्याकडचे गवंडी म्हणतात तसं भिंतीला पोट सुटतं. मग उभी चीर.

चिरेवर कधीकधी काचेची छोटी पट्टी गिलाव्यात बसवलेली दिसते, शेजारी तारीख. हा सगळ्यांत स्वस्त पहारेकरी. पट्टी अखंड असेल तर चीर झोपली आहे, तडकली असेल तर भिंत चालू आहे. अशी तडकलेली पट्टी दिसली तर त्या भिंतीखाली फोटोसाठी उभं राहू नये.

दुसरा गुन्हेगार सिमेंट. विसाव्या शतकात चांगल्या हेतूने अनेक ठिकाणी भिंतींच्या पायाकडे सिमेंटचा गिलावा चढवला. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. ती आत कोंडते आणि वर चढते. म्हणून बाहेरून जमिनीलगत गुळगुळीत राखाडी पट्टा आणि त्याच्या बरोबर वर भिंत फोडांसारखी सोललेली, असं दिसलं की काय झालंय ते ओळखावं. उपाय कंटाळवाणा आहे: सिमेंट खरवडून काढायचं, भिंतीलगत शतकानुशतकं साचलेली माती उकरून खडीची चर भरायची, पन्हळी वर्षातून दोनदा साफ करायच्या आणि पुन्हा चुनाच लावायचा. यात फोटो काढण्यासारखं काही नसल्यामुळे पैसेही लवकर मिळत नाहीत.

पण पाचशे वर्षं ज्यांनी हे केलं ते गेले कुठे? जानेवारी १९४५ मध्ये रोमेनियातल्या सुमारे ७०,००० जर्मनभाषकांना, १७ ते ४५ वयाचे पुरुष आणि १८ ते ३० वयाच्या स्त्रिया, सोव्हिएत संघात सक्तमजुरीला नेलं. त्यानंतर जमिनी गेल्या. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनीने दरडोई मार्क मोजून लोक सोडवून नेले. माणसांचा बाजारच होता तो, सरकारी शिक्क्यासह. आणि डिसेंबर १९८९ मध्ये राजवट पडल्यावर उरलेले दोन-तीन वर्षांत निघाले. १९३० च्या जनगणनेत इथे सुमारे २.३ लाख सॅक्सन होते. आज या लुथेरन चर्चचे सदस्य बारा हजारांच्या आत-बाहेर आहेत.

लोकांबरोबर एक व्यवस्थाही गेली. प्रत्येक गाव ‘शेजारा’त विभागलेलं असे. शेजाराची एक पेटी, एक प्रमुख आणि ठरलेली कामं: कुणाचं घर बांधायला हात लावायचा, कुणाची कबर खणायची, तट आणि चर्चचं छप्पर कुणी बघायचं. न आलेल्याला दंड. कौल बदलण्याचं काम श्रद्धेवर सोडलेलं नव्हतं. शेजार मोडला आणि छप्पर पोरकं झालं.

बुनेश्तीला मुख्य रस्ता सोडून डावीकडे वळलं की व्हिस्क्री. गाडी गावाच्या तोंडाशी ठेवून चालत जावं. रुंद गल्ली, दोन्ही बाजूंना निळी-हिरवी-पिवळी घरं, दर घराला उंच फाटक, मधून ओहोळ, त्यात बदकं. फाटकाशेजारच्या बाकांवर बायका लोकरीचे मोजे विणत बसलेल्या, तेच विकायलाही. किंमत विचारून घासाघीस करू नका, विणकामाचे तास मोजा.

चर्च टेकाडावर, पांढरं. जर्मन नावाचा अर्थच पांढरं चर्च. मूळ प्रार्थनामंदिर सॅक्सन नव्हे तर त्यांच्या आधी इथे राहणाऱ्या सेकेली लोकांचं, साधारण ११०० च्या सुमाराचं. सॅक्सन आल्यावर ते वाढवलं, मग सोळाव्या शतकात बुरूज, अठराव्यात बाहेरचा दुसरा तट. आत रंगवलेली लाकडी सज्जे आणि मधोमध पाठ नसलेली बाकं. बाकांना पाठ का नाही? तिथे बायका बसायच्या आणि पोशाखाच्या पाठीवरच्या फिती चुरगळू नयेत म्हणून, असं सांगतात.

तटातला एक बुरूज डुकराच्या चरबीचा. गंमत नाही, नावच ‘बेकन बुरूज’. भिंती जाड, खिडक्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यातही थंड. प्रत्येक घराची मिठात घातलेली चरबीची लादी आकड्याला टांगलेली आणि तिच्यावर घराचा शिक्का. रविवारी प्रार्थना झाली की उघडायचं, आठवड्यापुरतं कापून न्यायचं. कुणी जास्त कापलं तर सगळ्यांसमोर. धान्यासाठी खिळा न वापरता, फळ्या एकमेकींत खाचून केलेल्या मोठाल्या पेट्या असत. त्यांचा सगळ्यांत मोठा साठा, शंभरावर पेट्या, सिगिशोआराच्या दक्षिणेला ब्रादेनीच्या चर्चमध्ये आहे. लाकूडकामाची आवड असेल त्यांनी तिथे अर्धा दिवस काढावा.

व्हिस्क्री आता प्रसिद्ध आहे. मिहाइ एमिनेस्कू न्यासाने इथली घरं जुन्या पद्धतीने दुरुस्त करायला लावली आणि तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स यांनी २००६ मध्ये इथे घर घेतलं. त्याचे फायदे-तोटे दोन्ही दिसतात. छप्परं शाबूत आहेत. पण दुपारी बारा ते तीन टेकाडावर रांग असते. सकाळी दार उघडतानाच गाठा किंवा राहा. राहिलात तर संध्याकाळी कुरणातून गुरं येतात ती बघायला मिळतील. आपापलं फाटक आलं की एकेक म्हैस-गाय कळपातून न सांगता वळते.

रात्री जेवणात इथली पाव-लादी जरूर मागा. बटाटा घातलेला हा पाव तीन-तीन, चार-चार किलोंचा. भट्टीतून बाहेर येतो तेव्हा बाहेरून कोळसा. मग गरम असतानाच काठीने किंवा सुरीच्या पाठीने बडवून जळकं कवच पाडतात. आत मऊ, ओलसर, आठवडाभर टिकणारा.

तिसरा दिवस : सास्कीझ, क्लोआश्तेर्फ

सास्कीझचं चर्च १४९३ ते १५२५ मध्ये बांधलं आणि तटाऐवजी चर्चलाच किल्ला केलं: वर पोटमाळ्याच्या उंचीवर पुढे आलेली संरक्षक मजल, तिच्या जमिनीत खाली ओतायला फटी. शेजारचा घंटेचा मनोरा १६७७ मध्ये सिगिशोआराच्या घड्याळ-मनोऱ्यावरून उचललेला आहे, आणि शेजारच्या शहराशी टक्कर घ्यायची हौस त्यात लपत नाही.

गावात ऱ्हुबार्बचा मुरांबा मिळतो. आंबट देठांचा, आवळ्याची आठवण येईल. बाटली जाड कपड्यात गुंडाळून चेक-इन सामानात टाका, हातातल्या पिशवीत ती द्रव पदार्थ धरली जाते.

क्लोआश्तेर्फ मात्र चावीचं गाव. सिगिशोआराच्या वाटेवरून आत वळायचं, चार कोपऱ्यांवर चार बुरूज, मध्ये १५२० च्या दशकातलं लहानसं चर्च. तिकिटाची खिडकी नाही. फोन करा, उचलला नाही तर घर क्रमांकाला जा. रोमेनियन येत नसेल तर ‘केया, बिसेरिका’ एवढं पुरतं: चावी, चर्च. म्हाताऱ्या माणसांना बहुधा जर्मन कळतं. पैसे सुट्या लेऊत (रोमेनियाचं चलन) द्या, दारातल्या पेटीत टाकायचे की हातात ते बघून घ्या. आणि चावी घेऊन आलेल्या व्यक्तीला घाई असते, शेतातून किंवा चुलीवरून उठून आलेली असते. आधी आतलं बघा, फोटो नंतर बाहेरून काढा.

इथे अंगणात कोपऱ्यात रचलेली जुनी कौलं हातात घेऊन बघता येतात. ‘बीबरची शेपटी’ म्हणतात या कौलांना: सपाट, खालचं टोक गोल, साधारण १८ सेंटिमीटर रुंद आणि ३८ लांब. मंगलोरी कौलासारखे खोबण्यांनी एकमेकांत अडकत नाहीत. दोन थरांत, सांधा झाकेल असे रचतात, त्यामुळे चौरस मीटरला ३५ ते ४० लागतात आणि छप्पर चांगलंच जड होतं. पाठीमागे एक बोटाएवढं नाक असतं, तेच रिपेला अडकतं. नाक मोडलं की कौल घसरलं. बाकी ते शाबूत असलं तरी उपयोग नाही. ओली असताना बोटांनी ओढलेल्या रेघा पृष्ठभागावर असतात, पाणी मधोमध वाहावं म्हणून. चार बोटांच्या चार रेघा, शेवटी जरा वळलेल्या. काहींवर साल कोरलेलं, काहींवर फूल.

मोडकळीला आलेल्या गोठ्यांवरून काढलेली जुनी कौलं दुरुस्तीला वापरतात, कारण नव्या यंत्राच्या कौलांची जाडी आणि वाक जुळत नाही. एक कौल बदलायला दहा मिनिटं. न बदलल्यास क्रम असा: रीप कुजते, मग वाशाचं टोक, मग ज्या आडव्या लाकडावर वासे टेकतात ते. ते गेलं की वाशांचा रेटा थेट भिंतीला, आणि पुढचं रोटबावला बघून झालंय.

चौथा दिवस : बिएर्तान

पाऊस. बिएर्तानला तो चालतो, कारण टेकडीवरच्या चर्चपर्यंत छप्पर असलेला लाकडी जिना आहे. तिहेरी तट, १५२४ च्या आसपास पुरं झालेलं मोठं चर्च, २८ चित्रफलकांची वेदी. १५७२ ते १८६७ इथे लुथेरन बिशपचं पीठ होतं, म्हणून खेड्याच्या मानाने सगळंच थोरलं.

बघायचं ते दार. वेदीच्या बाजूच्या वस्त्रागाराचं, १५१५ चं. पुढून ओकच्या लाकडात रंगीत जडावकाम, मागून यंत्र. एकच किल्ली फिरवली की चारी बाजूंच्या डझनाहून जास्त खिट्ट्या एकदम चौकटीत जातात. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते मिरवलं होतं. चांदीची भांडी आणि रोकड इथे असायची. चित्रांपेक्षा या दाराच्या पाठीशी जास्त वेळ जातो, तेव्हा गटाला बाजूला सरू द्या.

तटातल्या एका बुरुजात धर्मसुधारणेनंतरही कॅथलिक राहिलेल्यांसाठी प्रार्थनेची जागा होती. भिंतीवर चित्रं आहेत. दुसरी खोली घटस्फोट मागणाऱ्या जोडप्यांची: एक पलंग, एक ताट, एक चमचा, आणि निर्णय बदलेपर्यंत मुक्काम. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असं मार्गदर्शक सांगतात. आकडा चांगला आहे. त्या खोलीतल्या बाईला काय वाटलं ते नोंदलेलं नाही.

उन्हाळ्यात जर्मनीतून सॅक्सन कुटुंबं येतात, कोकणात गणपतीला चाकरमानी येतात तशी. घर उघडतात, गवत काढतात, आजोबांच्या कबरीला फुलं लावतात आणि शाळा सुरू व्हायच्या आत परततात. त्यांना इथे ‘उन्हाळी सॅक्सन’ म्हणतात. कित्येक गावांतली पन्हळ याच वर्गणीतून साफ होते. सप्टेंबरअखेरीस ते गेलेले असतात, म्हणून अंगणं जास्तच शांत.

पाचवा दिवस : वालेआ वीलोर आणि सिबिऊ

मेदियाशवरून कोप्शा मिकामार्गे जायचं. काजळी बनवणाऱ्या कारखान्यामुळे हे गाव एके काळी युरोपातल्या सर्वांत प्रदूषित जागांत गणलं जायचं. १९९३ मध्ये तो बंद झाला. तिथून आत पाच-सहा किलोमीटरवर द्राक्षमळ्यांची दरी, वालेआ वीलोर. युनेस्कोच्या यादीत असूनही पर्यटक तुरळक.

बाहेरून बघताना चर्च कुठे संपतं आणि किल्ला कुठे सुरू होतो ते कळत नाही. मनोरा, मधला भाग, वेदीचा भाग, तिन्ही उंच करून त्यांवर संरक्षक मजले चढवलेत. पण खरा धडा आत आहे. वेदीजवळ, जिथे पाद्री उभा राहतो त्या भागात, जमिनीत विहीर. प्रेझ्मेरची गढी पाण्यावाचून पडली. इथल्यांनी पाणी थेट देवाशेजारी आणून ठेवलं. तट पडला, अंगण पडलं, तरी शेवटच्या दालनात प्यायला पाणी आहे. झाकण उचलून दाखवा म्हणावं.

इथलीही चावी गावात. पण २०१० नंतर युरोपीय संघाच्या निधीतून १८ तटबंदीच्या चर्चांची दुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये या इमारतींसाठी स्वतंत्र न्यास उभा राहिला, तेव्हापासून निदान कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असतं. न्यासाचं धोरण आम्हांला पटतं: सुशोभीकरण मागे, छप्पर आणि पन्हळ आधी. सगळी चर्च वाचणार नाहीत हेही ते धरून चालतात. काही इमारती ऑर्थोडॉक्स समाजाला वापरायला दिल्या गेल्या. त्यावर कुरकुर होते, पण रोज दिवा लागणाऱ्या इमारतीचं गळकं कौल लगेच दिसतं. चिंक्शोर गावात पाद्र्याचं घर आणि शाळा अतिथिगृह झाली आहेत, तोही चांगला मार्ग. संग्रहालयांचा मात्र सुळसुळाट नको. दर गावात चरखा आणि भरतकामाची उशी मांडून छप्पर टिकत नाही.

सिबिऊत संध्याकाळी पोचलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ‘टॉइच हाउस’ बघून मग विमान धरावं. लुथेरन चर्चचं मध्यवर्ती दफ्तर इथे आहे. मंडळी संपलेल्या गावांच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्या इथे आणून ठेवल्यात. वंशावळ शोधणाऱ्यांनी गावाचं जर्मन नाव माहीत करून यावं, कारण वह्या त्याच नावाने लावलेल्या आहेत: व्हिस्क्री नव्हे, डॉइच-वाइसकिर्श, बिएर्तान नव्हे, बिर्टहेल्म.

जायचं असेल तर थोडक्यात. १ जानेवारी २०२५ पासून रोमेनिया पूर्ण शेंगेनमध्ये आहे, भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. ब्राशोव्ह ते सिगिशोआरा रेल्वे आहे, पण खेड्यांसाठी गाडीच हवी. राष्ट्रीय रस्त्यांचा ‘रोविनिएता’ कर भाड्यात धरलाय का ते विचारा. अंधार पडल्यावर खेड्यांतल्या रस्त्यांवर बिनदिव्याच्या घोडागाड्या असतात, सातच्या आत मुक्कामी पोचा. दोन गावांमधल्या जंगलातून चालत जायचा मोह झाला तर आधी गावात विचारा. अस्वलं खरोखर आहेत आणि धनगरांचे कुत्रे त्यांच्याहून लवकर भेटतात. मनोऱ्यावर चढताना शिडीची पायरी कडेला पाय देऊन चढा, मध्ये नाही. कुजकी पायरी मध्ये आधी मोडते. नोव्हेंबर ते मार्च बरीच दारं बंद. दिवसाला दोन, फार तर तीन गावं धरा. चावी येईपर्यंतची अर्धी-पाऊण तासाची वाट त्यात मोजलेली असावी.